गोड्या पाण्याची रेघ

ताईचं लग्न खारपाणपट्ट्यात ठरत होतं तेव्हा बाबा कित्येक दिवस घासभर खाऊन ताटावरून उठायचे. आम्ही हिवरखेडचे. सातपुडा पाठीशी, विहिरीला गोडं पाणी, आणि त्या गोडीचा आम्हाला असा माज की पाहुण्याला चहाच्या आधी तांब्याभर पाणी द्यायचं नि त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. ताईचं होणारं सासर पूर्णेच्या काठचं. तिथली जमीन काळी, सपाट, बघत राहावी अशी. पण तिच्या पोटातलं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, दुधाचा चहा फाटतो, भांड्यांवर पांढरे पोपडे धरतात. तिकडे मुलगी द्यायची म्हटलं की आमच्याकडचे लोक आधी पाण्याचं विचारतात, मग शेतीचं.

बाबांनीही बैठकीत तेच विचारलं. "पोर आमची गोड्या पाण्याची आहे. तिले प्यायले काय देसान?"

नवरा मुलगा इतका वेळ खाली बघत बसला होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "मामाजी, तिच्या तोंडात खारं पाणी जाऊ देणार नाही. शब्द देतो."

शब्द देणाऱ्या पुरुषांचा मला पहिल्यापासून वैताग आहे, कारण तो पाळण्याचं काम बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतं. पण हा माणूस मला आवडला. त्याच्या बाजूनं त्यानं शब्द खरोखर पाळला. या सगळ्या हकिगतीचं दुखणं तेच आहे.

त्या गावात नळाला गोडं पाणी यायचं, पण आठवड्या-पंधरवड्यानं, आणि उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नसायचा. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात घरातले माठ आणि गुंड पुरेनात, तेव्हा भाऊजींनी आठवडी बाजारातून निळा प्लास्टिकचा ड्रम आणला. असे जुने ड्रम बाजारात रांगेनं उभे असतात. आधी त्यांच्यात काय होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाराही विचारत नाही, कारण घरोघरी तेच असतात. भाऊजींनी तो चिंच लावून घासला, साबणानं घासला, उन्हात उपडा घातला, पुन्हा घासला, त्यातलं पाणी तोंडात घेऊन चूळ भरून पाहिली. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात विटांवर बसवून त्याच्या तोंडाला धुतलेलं धोतर फाडून फडकं बांधलं. नळ येणाऱ्या दिवशी ताई त्याला हळदकुंकू लावायची.

"ड्रमची पूजा?" मी एकदा हसले.

"पाण्याची करून राहिली. तुले काय दुखते?" ताई म्हणाली.

घरात ती दोघंच होती. सासू-सासरे मोठ्या दिरांकडे दुसऱ्या गावी राहायचे. भाऊजी सकाळी ड्रममधून पाच लिटरची कॅन भरून शेतात न्यायचे आणि दिवसभर तेवढंच प्यायचे. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, त्यांनी रोही म्हणजे नीलगाई आणि रानडुकरं बिचकावीत म्हणून जुन्या डीव्हीडी दोरीला टांगल्या होत्या. त्या वाऱ्यावर गरगरायच्या आणि कपाशीवर रंगांचे कवडसे पळायचे. मी अमरावतीला विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करत होते आणि माझाही सारा कारभार त्याच चकत्यांवर चालायचा, हे कळल्यापासून भाऊजींना चिडवायला आयतं कोलीत मिळालं होतं.

"साळीबाई, तुमी ज्याच्यावर डॉक्टर होऊन राहिल्या, आमी त्यानं रोही हाकलून राहिलो. जास्त उपयोग कोनाचा, तुमीच सांगा."

मी म्हणायची, "तुमच्या चकतीवर चांदी नाही ना."

चांदीचं प्रकरण असं होतं. डीव्हीडीचे दोन पापुद्रे विलग केले आणि आतला रंग स्पिरिटनं धुऊन काढला की प्लास्टिकवर बारीक चऱ्या उरतात. डोळ्याला त्या दिसत नाहीत. केसाच्या जाडीत शंभरेक बसतील इतक्या त्या दाट असतात. पाटावर घासून घासून पडलेल्या चिरांसारख्या एकाच दिशेनं गेलेल्या. असा तुकडा आम्ही निर्वात केलेल्या पात्रात ठेवायचो, चांदीची तार तापवून तिची वाफ करायचो, आणि त्या वाफेचा अतिशय पातळ थर चऱ्यांवर बसवायचो. झाली आमची जाळी. बाहेर धातूच्या अशा जाळ्या कोरायला जी यंत्रं लागतात ती आमच्या विभागानं चित्रातच पाहिली होती, म्हणून हा देशी उपाय.

या जाळीवर तिरपा पांढरा प्रकाश टाकला की बहुतेक सगळा परत फिरतो. पण सगळा नाही. चऱ्यांमधलं अंतर आणि प्रकाशाचा कोन यांचं जिथं जमतं, तिथं एक ठरावीक रंग परत येतच नाही. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. तो रंग त्यांना हलवतो, त्यांच्यात मिसळतो आणि दोघांची मिळून एक लाट धातूच्या कातडीवरून सरपटत जाते. थोडी जाते नि विझते, तिची ऊब होते. या लाटेला पृष्ठ-प्लाझ्मॉन म्हणतात. परत आलेला प्रकाश वर्णपटात पसरून पाहिला की त्या गेलेल्या रंगाच्या जागी एक काळी रेघ दिसते. प्रकाशाच्या वाटेत पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा पडदा, ठेवून तो आडवा फिरवला की रेघ पुसते, उभा केला की पुन्हा उमटते. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला आठवतं ते हे की अंगावर काटा आला. भरल्या इंद्रधनुष्यातून एक रंग कुणीतरी उचलून नेलेला.

ही लाट धातूला चिकटून चालते, पण तिचा पदर किंचित बाहेर असतो. बाहेर हवा आहे की पाणी, पाण्यात साखर आहे की मीठ, हे तिला त्या पदरावरून कळतं, आणि त्याप्रमाणे काळी रेघ आपली जागा बदलते. पाणी जड झालं की रेघ लाल रंगाकडे सरकते. माझं संशोधन एवढंच होतं: जाळीवरून पाणी वाहू द्यायचं आणि रेघ कुठं जाते ते बघायचं.

खारपाणपट्ट्यातलं पाणी मी यासाठीच आणायची. ताईच्या विहिरीचं पाणी सोडलं की रेघ लालकडे सरकायची, आणि शुद्ध पाणी सोडून जाळी धुतली की मुकाट जागेवर परत यायची. मिठाचं तसंच असतं. ते पाण्यात असतं, जाळीवर बसत नाही. पाण्याबरोबर येतं, पाण्याबरोबर जातं. रेघ परत येणं म्हणजे सगळं ठीक, हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की ती परत आली की मी बाहेर जाऊन चहा पिऊन यायची.

मग बोंडअळीचं ते वर्ष आलं. कापसाचे दिवस आधीच वाईट चालले होते, त्यात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. लोक एकावर एक फवारण्या करत सुटले. आमच्याकडे फवारतात त्याला कुणी विष म्हणत नाही, औषध म्हणतात. कोणतं औषध मारलं, किती मारलं, दोन औषधं मिसळून मारलं का, अशाच गोष्टी पारावर चालायच्या. फवारता फवारता माणसं आजारी पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ताईचा फोन आला की मी आधी विचारायची, भाऊजींनी तोंडाला रुमाल बांधला होता का.

भाद्रपदात ते शेतातून परत आले आणि ओट्यावरच बसले. दरदरून घाम, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, पोटात पीळ, आणि पोटऱ्यांतलं मांस आपोआप उड्या मारत होतं. शेजारी एक चाचा राहायचे, त्यांची जुनी जीप होती. त्यांनी भाऊजींना जीपमध्ये आडवं केलं आणि सरळ अकोल्याला नेलं. "पूछना-वूछना बाद में, पहले बैठो," ते ताईला म्हणाले. डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. फवारणीची बाधा, असं त्यांनी सांगितलं, आणि त्या वर्षी कुणीही डॉक्टर तेच म्हणाला असता. इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं, भाऊजी काही दिवसांत उठून बसले. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं: फवारणी बंद, आराम, आणि पाणी भरपूर प्यायचं.

भाऊजींनी फवारणीचा पंप उचलून मोठ्या भावाला देऊन टाकला. कपाशी अळीवर सोडली. शेतात जाणंच थांबवलं. आणि घरी आल्यावर पंधरवडाही झाला नसेल, पुन्हा तसाच घाम आला.

पुन्हा चाचांची जीप, पुन्हा अकोला. दवाखान्यात पुन्हा बरे, घरी आले की पुन्हा उतरण. आता हात थरथरायला लागले होते. चहाची बशी त्यांना धरवत नव्हती. गावाला याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. दवाखान्यात बरा होतो आणि घरी आजारी पडतो, म्हणजे घरातच काहीतरी आहे. बाया ताईकडे बघून आवाज खाली करू लागल्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "तुह्या मायेरून काही आनलं व्हतं का वं घरात?" ताईनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली नाही, आणि ती रडत नाही याचीच मला भीती वाटली. ती असं कोरडं बोलते तेव्हा आतून पार खचलेली असते.

दुसरं मत असं होतं की पाणी लागलं. शिवारात एवढी फवारणी झालेली, ते सगळं झिरपून विहिरीत उतरलं असणार. हे मत मलाही पटलं. कुणीतरी विहिरीचं पाणी तपासायला दिलं, आणि उत्तर आलं की पाणी खारं असून पिण्यास योग्य नाही. हे तर गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. तरी ताईनं विहीर पूर्ण बंद केली. भाऊजींचं तोंड धुणं, चूळ भरणं, पेज, सरबत, सगळं ड्रमच्या पाण्यात. पेल्यामागून पेला. "डॉक्टर म्हनते भरपूर पाजा," ती सांगायची. "मी तर त्याइले घोटभरही खारं लागू देत नाही."

मी दसऱ्यानंतर तिच्याकडे गेले. भाऊजी खाटेवर होते, नुकतेच तिसऱ्यांदा अकोल्याहून आलेले. त्यांनी मला बघून हसायचा प्रयत्न केला. "साळीबाई, तुमच्या चकत्या चोरीले गेल्या धुऱ्यावरून. रोही आता बिनघोर जेवते." खालचा ओठ त्यांच्या ताब्यात नव्हता. मी बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि मला फार राग आला. कुणाचा ते कळेना. पाण्याचा, अळीचा, माझ्या त्या चांदीच्या तुकड्यांचा, ज्यांचा घरातल्या माणसाला काडीचा उपयोग नव्हता.

निघताना मी दोन बाटल्या भरून घेतल्या. एक विहिरीच्या पाण्याची. दुसरी ड्रमच्या पाण्याची, तुलनेसाठी. विहिरीत काही उतरलं असेल तर ते त्याच गावच्या चांगल्या पाण्याशी ताडून बघावं लागतं, म्हणून. ताईनं स्वतः फडकं सोडून, वाटीनं काढून बाटली भरली. "जपून नेजो," ती म्हणाली. "नळ अजून आला नाही."

अमरावतीला परत आल्यावर पहिल्या दिवशी भारनियमनानं काही करू दिलं नाही. जाळी बसवावी, दिवा लावावा, रेघ स्थिर व्हावी आणि वीज जावी. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून मी पुन्हा बसले. आधी विहीर. रेघ लालकडे सरकली. धुतलं. रेघ परत आली. पुन्हा केलं, पुन्हा परत आली. नुसतं मीठ. मला चक्क वाईट वाटलं. विहिरीत काही सापडलं असतं तर निदान शत्रू तरी दिसला असता.

मग तुलनेचं पाणी सोडलं आणि मी सवयीनं चहाला उठले.

परत येऊन पाहिलं तर रेघ जागेवर नव्हती. गोड्या पाण्यानं ती फारशी हलायलाच नको होती. ती हलली होती, आणि मिठासारखी एका झटक्यात नाही. हळूहळू, थांबत थांबत, आणि मी बघत होते तेव्हाही सरकतच होती. मी घाईनं शुद्ध पाणी सोडलं. रेघ तिथंच. पुन्हा धुतलं. कोन तपासला, दिवा तपासला, पोलरायझर फिरवून रेघ पुसून पुन्हा उमटवून पाहिली. ती उमटायची ती त्याच नव्या जागी. काहीतरी चांदीवर बसलं होतं आणि पाण्यानं निघत नव्हतं.

जाळी बदलली. नवी चांदी, नवा तुकडा. पुन्हा आधी विहीर: गेली, आली. पुन्हा ड्रम: गेली, आणि आली नाही.

आमचे सर शेजारच्या खोलीत होते. मी त्यांना बोलावलं. सर सबुरीचे, कशालाही लगेच हो न म्हणणारे. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे बघितलं. "चांदीले गंधक आवडते," ते म्हणाले. "जवळ आलं की धरून बसते. आपल्या बायकोचे पैंजण कशानं काळे पडते?"

"कपाशीवर मारतात त्या बऱ्याच औषधांत गंधक असतं, सर."

"कांद्यातही असते. अंड्यातही असते. ही रेघ सांगते, कोनीतरी आलं अन् बसलं. कोन आलं, ते नाही सांगत. आपन नाव घेऊ नये."

त्यांचं बरोबर होतं. एरवी मीही दुसऱ्याला हेच सुनावलं असतं. शिवाय हे पाणी गोडं होतं. नळाचं होतं, झाकलेलं होतं, हळदकुंकू लावलेलं होतं. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना खाऱ्या पाण्याबद्दल काहीही सांगा, आम्ही विश्वास ठेवू. गोड्या पाण्यावर संशय घ्यायला आमची जीभच वळत नाही. जिभेला गोड लागलं की ते चांगलं, ही आमची एकमेव तपासणी. त्या दुपारी मी माझ्या नाकासमोरच्या पडद्यावर बघत होते आणि तरीही मनात पहिला विचार आला तो हाच की बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. मी विहिरीच्या बाटलीतलं थेंबभर पाणी बोटानं जिभेवर ठेवून पाहिलं. खारं होतं. अदलाबदल झाली नव्हती.

तेव्हा मला सगळं ओळीनं दिसलं. फवारणी सोडली तरी आजार. दवाखान्यात, जिथं दुसरं पाणी, तिथं बरे. घरी, भरपूर पाणी, आजार. जितकी सेवा जास्त तितकं जास्त. चिंच आणि साबण ड्रमच्या वरून फिरतात. प्लास्टिकनं जे पोटात घेतलं ते सावकाश पाण्यात सोडत राहतं, ते अंगात साठत जातं, आणि वरून फवारणीची भर पडली की माणूस कोसळतो. आणि त्यामागोमाग दुसरी गोष्ट आली, पहिलीहून वाईट. घरात दोन माणसं होती. पाणी एकच होतं.

ताईनं फोन उचलला तो जीपमध्ये. भाऊजींना पुन्हा नेत होते. मागून चाचांचा हॉर्न सारखा वाजत होता.

"ताई, पाणी बंद कर."

"अवं, विहीर कव्हाच बंद केली. तुले सांगतलं ना."

"विहिरीचं नाही. ड्रमचं."

"ड्रमचं?" तिनं विचारलं.

"ताई, गोडं पाणी बंद कर. सोबत बाटली आहे का? त्यातलं पाजू नको."

"आत्ताच पाजलं," ती म्हणाली. "घसा कोरडा पडून राहिला म्हनत व्हते."

मी अकोल्याची बस धरली. अमरावती मागे पडली तेव्हा मी खिडकीशी बसून ताईचा चेहरा आठवत होते. दसऱ्यानंतर गेले तेव्हा तिच्या बाहुल्या कशा होत्या? हात थरथरत होता का? तिनं चहा दिला तेव्हा बशी वाजली होती का? मला काही म्हणता काही आठवेना. आपण आजाऱ्याकडे बघतो. जो उशाशी उभा असतो त्याच्याकडे कोण बघतं? डॉक्टर म्हणाले होते की हे अंगात साठत जातं. भाऊजींचं जे आज होतं ते तिचं उद्या, असं मनात यायचं आणि मी ते झटकून बाहेर बघायची. बाहेर दोन्ही बाजूंना कपाशी होती, बोंडं काळी पडलेली.

दवाखान्यात मी आधी डॉक्टरांना गाठलं. धातूच्या जाळीचं, रेघेचं, गंधकाचं, जमेल तसं सांगितलं. ते थकलेले होते, पण त्यांनी ऐकून घेतलं. "रेघ परत आली नाही?" एवढं एकदा विचारलं. मग ड्रमचं पाणी तपासायला पाठवण्याची चिठ्ठी लिहिली आणि तोवर घरचं पाणी सोडाच, घरचं भांडंही वापरू नका म्हणाले. पुढे त्या तपासणीचं उत्तर आलं. कपाशीवर मारतात त्याच जातीचं औषध ड्रमच्या अंगात मुरलेलं होतं. पण उत्तर यायच्या आधीच भाऊजी सुधारू लागले होते, आणि या वेळी घरी जाऊनही ते पुन्हा आजारी पडले नाहीत. ते वाचले. उजव्या हाताची थरथर तेवढी गेली नाही. अजून पेला ते दोन्ही हातांनी धरतात.

त्या दिवशी मात्र यातलं काही माहीत नव्हतं. मी ताईला हाताला धरून व्हरांड्यात आणलं, उजेडाकडे तोंड करायला लावलं आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. बाहुल्या चांगल्या मोठ्या होत्या. हात पुढे करायला लावला. हात स्थिर होता.

"तुला काहीच कसं झालं नाही?" मी विचारलं. सुटका वाटायला हवी होती, पण आवाज भांडल्यासारखा निघाला. "एकाच ड्रमचं पाणी पीत होता ना दोघं?"

ताई खाली बघत राहिली.

"मी नाही पेत व्हती ते," ती म्हणाली. "चहाचं, वरनाचं असन तेवढंच. तेही उकयलेलं."

"मग काय पीत होतीस?"

"विहिरीचं."

"कधीपासून?"

"पयलेपासून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "नळ पंधरा-पंधरा दिवस येत नाही. त्याइले शेतात उन्हात लागते. दोघांले कसं पुरन? म्हनून मी माह्यापुरतं खारं पेत व्हती. सवय होते. तू त्याइले सांगू नको. त्याइनं बाबाले शब्द देल्ला आहे."

तिनं तोंडचं गोडं पाणी काढून काढून त्याच्यासाठी ठेवलं होतं, आणि तो ते सगळं प्यायला होता. आजारी पडल्यावर तर तिनं चहाही सोडला होता, ते तिनं नंतर सांगितलं.

आम्ही आत गेलो. भाऊजींनी डोळे उघडले. त्यांना मी दिसले, तिच्या हातातली दवाखान्याच्या नळावर भरलेली नवी बाटली दिसली. ओठ जुळायला वेळ लागला, पण शब्द नीट आले.

"साळीबाई, इथं किती दिवस राहा लागते, गोडं पाणी पुरते का नाही, कोन जाने," ते म्हणाले. "तुमच्या बहिनीले आधी पाजा. तिले खारं पाणी चालत नाही."

ताईनं बाटलीचं झाकण उघडलं, त्यांच्या समोर उभी राहून दोन घोट प्यायली, आणि मग पेला भरून त्यांच्या तोंडाशी धरला.